दिगूमामा आणि ऐंशीचा वारा

त्या सकाळी नांदेडच्या विमानतळाला लागून असलेल्या मंगल कार्यालयात नवरी तयार होती, नवरदेव तयार होता, जिलबीही तयार होती. नव्हते फक्त नवरीचे दिगूमामा. ते तारीख विसरून लातूरला घरी बसले होते. मामांनी हात धरून आणल्याशिवाय आपण बोहल्यावर चढणार नाही, असे नवरीने, म्हणजे ताईने, जाहीर केले. मुहूर्त बारा वीसचा होता. तो टळला तर पुढचा थेट संध्याकाळी सातला.

सव्वाअकराला ताईची अकरा वर्षांची धाकटी बहीण शर्वाणी ‘भिंगरी’त बसली. भिंगरी म्हणजे विजेवर चालणारे, आपले आपण उडणारे आणि बोलणारे छोटे विमान. शर्वाणीने हिशेब मांडला. अंतर एकशे वीस किलोमीटर, भिंगरीचा वेग ताशी दोनशे चाळीस. जायला अर्धा तास, यायला अर्धा. वर आकाशात ताशी ऐंशीचा वारा लातूरकडे वाहत होता खरा, पण तो जाताना ढकलणार, येताना अडवणार, म्हणजे फिट्टंफाट.

लातूर साडेबावीस मिनिटांतच आले. साडेसात मिनिटे वाचली हे कळताच फोन गेल्यावर लातूरच्या विमानतळावर येऊन थांबलेल्या मामांनी भज्यांची दुसरी बशी मागवली आणि अडीच मिनिटांत संपवली. अकरा चाळीस झाले.

“परतीला पंचेचाळीस मिनिटं लागतील,” भिंगरी म्हणाली.

शर्वाणीचा चेहरा उतरला. म्हणजे बारा पंचवीस. “साडेसात वाचली, तर साडेसातच जादा लागायला हवीत ना?”

“भूवेग बघ (जमिनीच्या मानाने विमानाचा वेग). जाताना दोनशे चाळीस अधिक ऐंशी, तीनशे वीस. आता दोनशे चाळीस उणे ऐंशी, एकशे साठ. फिट्टंफाट वेगाची झाली, वेळेची नाही. मदत करणारा वारा आपल्याला लवकर पोचवतो, म्हणून त्याची सोबत थोडाच वेळ मिळते. अडवणारा मात्र पाऊण तास अडवत बसतो.”

“कामाचे पाहुणे लगेच उठतात, बिनकामाचे जेवूनच जातात, तसं,” मामा म्हणाले.

शर्वाणीला आठवले, की निघताना मांडवाची झालरसुद्धा हलत नव्हती. मग खाली वारा कमी असतो का, तिने विचारले.

असतो, भिंगरीने सांगितले. झाडे, टेकड्या, घरे यांना घासून वारा मंदावतो. खालून गेले तर वारा चाळीसचाच, भूवेग दोनशे, छत्तीस मिनिटे. पण दुपारी तापलेली जमीन हवा वर फेकत असते. खूप धक्के बसतील.

मामांनी रिकाम्या बशीकडे पाहिले. “घे बाई खालून. पोरगी खोळंबलीय.”

पुढची छत्तीस मिनिटे मामा एका हाताने फेटा आणि दुसऱ्या हाताने पोट धरून बसले. वाटेतले एकूण एक देव त्यांनी आठवले. काहींना दोनदा.

बारा सोळाला भिंगरी उतरली. भटजींनी हाक दिली, “मामांनी मुलीला घेऊन या.” पण मामांचे गुडघे अजून हवेतच होते. शेवटी ताईनेच शालू सावरत त्यांना दंडाला धरून बोहल्यापर्यंत आणले.

मंगलाष्टके सुरू झाली. शर्वाणीच्या अक्षता मुठीतच राहिल्या होत्या. वारा समोरून नाही, मागून नाही, आडवा आला तर? याचे उत्तर तिला अजून माहीत नव्हते. पण विमान चालवायचे शिक्षण कितव्या वर्षी सुरू करता येते, हे तिने उतरता उतरता भिंगरीला विचारून घेतले होते. फक्त पाच वर्षे थांबायचे होते.