आठव्या भोकाखालचा उजेड

वीज काही लवकर येत नाही, तोवर बसा. मोबाइल खिशात ठेवा. ज्याला ऐकायचं नसेल त्याने जाऊन झोपावं, मला वाईट वाटणार नाही.

गोष्ट माझ्या साडूची आहे, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची. तो कसला माणूस होता हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे त्याची कीव करण्यात तुमचा वेळ जाणार नाही.

वादळात ज्यांची छपरं उडतात, त्यांच्या घरांवर तातडीने ताडपत्री मारून द्यायचं काम त्याच्याकडे होतं. तो सगळा भाग म्हणजे उघडा माळ. वाऱ्याला अडवायला झाड नाही की टेकडी नाही. वर्षातून दोन-तीनदा वारा असा सुटायचा की धडधाकट घरंही बोडकी व्हायची. मग मदतकेंद्रातून फोन यायचा आणि हा पिकअप घेऊन निघायचा, तोही कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. छपरावर चढणारा माणूस पांढरा शर्ट घालतो का? हा घालायचा. कारण लोकांनी याला मजूर समजू नये. हाताला कसब होतं, ते मी नाकारत नाही. ताडपत्रीची कड लाकडी पट्टीला दोन वेढे देऊन गुंडाळायची आणि ती पट्टी वाशाला ठोकायची, हे तो झोपेतसुद्धा करू शकला असता.

पण एक खोड होती. तो कुणाच्या घरात पाऊल टाकायचा नाही. कामाचा नियम असा की ताडपत्री मारून झाली की खाली उतरायचं, आत जायचं आणि आतून वर बघायचं, काही राहिलंय का ते. हा बाहेरूनच निघून जायचा. म्हणायचा, छप्पर उडालेली माणसं फार बोलतात, एकदा आत गेलं की तासाची खोटी. भिजलेल्या गाद्या दाखवतात, लग्नाचे फोटो दाखवतात, हात धरून रडतात. छप्पर उडणं हा जणू त्या लोकांचाच गबाळेपणा. आमच्याकडे जेवायला आला की त्यांच्या नकला करून दाखवायचा. माझी मेहुणी पोट धरून हसायची. मीही एक-दोनदा हसलोय, खोटं कशाला सांगू.

तर मार्चमधला शेवटचा मंगळवार. दुपारी तीनला पावसासकट वादळ आलं आणि साडेचारला निघूनही गेलं. तेवढ्यात सत्तावीस घरं उघडी पडली. वीज गेली, विजेचे खांब रस्त्यात आडवे, माळावर मोबाइलला रेंज नाही. साडूची माणसं कामाला लागली आणि रात्री नऊपर्यंत सव्वीस घरं झाकून झाली. उरलं एक. रस्त्याच्या अगदी टोकाचं, एका म्हाताऱ्या टेलरचं. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली, म्हातारा एकटाच राहायचा. मध्यरात्रीनंतर पावसाचा अंदाज होता. माणसं थकून झोपायला गेली होती, म्हणून साडू स्वतः निघाला आणि सोबत पिकअपचा ड्रायव्हर घेतला. हा ड्रायव्हर बसवरून निवृत्त झालेला, साठीचा, कमी बोलणारा गृहस्थ. पुढचं सगळं मला त्याच्याकडून कळलंय. साडू सांगेल अशी अपेक्षाच नव्हती.

निघता निघता, फाट्यावर रेंज होती तेवढ्यात, साडूला फोन आला. टेलरची मुलगी बोलत होती. शहरात एका इस्पितळाच्या लॅबमध्ये कामाला होती ती. दुपारपासून बापाला फोन लावून लावून तिचा जीव टांगणीला लागला होता. घरात दोन वर्षांचं मूल तापाने फणफणलेलं, नवरा परगावी.

"ताडपत्रीचं एक वेळ राहू द्या," ती म्हणाली. "पण आत जाऊन बाबांना बघा. त्यांच्याशी बोला. मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभी आहे. ते ठीक नसतील तर मी पोराला तशीच उचलून निघते."

"तुम्ही काळजी सोडा, ताई. मी स्वतः बघतो," साडू म्हणाला. फोन ठेवला आणि ड्रायव्हरकडे बघून त्याने डोळे फिरवले.

घरी पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते. चंद्र उगवलेला नव्हता. वारा पडला होता, पण अधूनमधून मोठी झुळूक यायची आणि उरलेली कौलं खडखडायची. तीन खोल्या एकामागे एक. दारावर कात्री रंगवलेली पाटी एका खिळ्यावर लोंबत होती. ओसरीवरचं बाकडं उलटं पडलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं, बोट लावलं असतं तर उघडलं असतं. आत काळोख.

ड्रायव्हर म्हणाला, साहेब, आधी आत जाऊन येतो. साडूने त्याला थांबवलं. तू आत गेलास की म्हातारा तुला पहिल्या शर्टापासून गोष्टी सांगणार आणि पाऊस आपल्या डोक्यावर येणार. दोर धर आणि इथेच उभा राहा.

रात्रीच्या कामाची या लोकांची एक पद्धत असते. घरातला माणूस दिवा घेऊन आतून फिरतो. जिथे भोक असेल तिथे उजेड वर येतो. छपरावरचा माणूस तिथे खडूची खूण करतो आणि वाशावर हातोडीने दोनदा ठोकतो. मग आतला माणूस पुढच्या भोकाखाली जातो. कुठे पाय द्यायचा, कुठे नाही, ते त्यावरून कळतं. साडूने शिडी लावली आणि वरून ओरडून हे सगळं म्हाताऱ्याला सांगितलं. लहान पोराला सांगावं तसं, दोनदा सांगितलं.

उत्तर आलं नाही.

पण उजेड आला.

पहिल्या खोलीत, दाराजवळच्या भोकाखाली. पिवळा, मंद. साडूने खूण केली, दोनदा ठोकलं. उजेड सरकला. दुसऱ्या भोकाखाली थांबला. खूण, दोन ठोके. तिसरं. चौथं. साडू खूष झाला. वरूनच म्हणाला की म्हातारा बहिरा दिसतोय, पण शहाणा आहे, तोंड न उघडता काम करतो, सगळी गिऱ्हाइकं अशी पाहिजेत.

सात भोकं झाली. आठवं शेवटच्या खोलीवर, भिंतीलगत. पंजाएवढं. उजेड तिथे येऊन थांबला. साडूने खूण केली. दोनदा ठोकलं.

उजेड हलला नाही.

पुन्हा ठोकलं. जोरात. नाही हलला. झालं, आजोबा, सरका आता, साडू ओरडला. खाली सगळं शांत.

ड्रायव्हर खालून बघत होता. त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. झुळूक आली की सगळं छप्पर थरथरत होतं. आतून वाऱ्याचा झोत भोकांतून वर येत होता, खडूची पूड उडत होती. उजेड मात्र फडफडत नव्हता. जरासुद्धा नाही. त्याने तसं सांगितलं. साडू म्हणाला, बॅटरी असेल. ड्रायव्हर म्हणाला, बॅटरीचा उजेड असा नसतो, साहेब. मी आत जातो.

"जागचा हलू नकोस," साडू म्हणाला.

भोक त्याच्या गुडघ्याजवळ होतं. वाकायचं आणि डोळा लावायचा, एवढंच काम. तो वाकला नाही. का, ते त्याचं त्याला माहीत. मला विचाराल तर त्याला घाम फुटला होता. आणि घाबरलेल्या माणसाने जे करावं तेच त्याने केलं. तो चिडला. म्हातारा चळलाय म्हणाला, दिवा ठेवून झोपला असेल म्हणाला, आणि ताडपत्री ओढून घेतली.

आढ्यावरून पलीकडे टाकली. ड्रायव्हरने दोर ताणला. पट्टी गुंडाळली. खिळे ठोकले. एक बाजू झाली. दुसरी झाली. आता शेवटची कड, त्या आठव्या भोकाशेजारून जाणारी. निळ्या ताडपत्रीखाली उजेड होता तिथेच. निळा दिसत होता आता.

शेवटचा खिळा बसला. साडूने हातोडी खाली केली.

टक. टक.

खालून.

अगदी त्याच्या पायाखालून. कुणीतरी वाशावर दोनदा...

साडू शिडीवरून उतरला की पडला, ड्रायव्हरला नीट दिसलं नाही. दारासमोरून गेला. दाराकडे बघितलं नाही. गाडीत बसला. काच वर केली. चल म्हणाला. ड्रायव्हर उभाच होता. साडू पुन्हा म्हणाला, चल. आवाज फाटला होता.

ड्रायव्हर दाराकडे दोन पावलं गेला... आणि परत फिरला. तो अजून ती दोन पावलं बोलून दाखवतो.

फाट्यावर आले तेव्हा रेंज आली. साडूने गाडी थांबवायला लावली. पाणी प्यायला, शर्टाची कॉलर नीट केली आणि टेलरच्या मुलीला फोन लावला.

"भेटलो बाबांना. ठणठणीत आहेत," तो म्हणाला.

माझ्याशी बोलायला लावा ना, ती म्हणाली.

"झोपले हो ताई आत्ताच. आता उठवू का त्यांना?"

नको नको, झोपू द्या, ती म्हणाली. तिने दहा वेळा आभार मानले. मग गाडीची किल्ली जागेवर ठेवली आणि पोराशेजारी आडवी झाली.

सकाळी आठला ती बापाच्या घरी पोचली. बाप शेवटच्या खोलीत होता, भिंतीलगत. वादळात लाकडी कपाट अंगावर पडून मांडीचं हाड मोडलेलं, छाती दबलेली, हाक मारायची सोय नाही. दुपारी तीनपासून तसाच. डॉक्टरांनी सांगितलं की जीव पहाटे चारच्या सुमारास गेला. रात्री दहा-अकराला इस्पितळात पोचले असते, तर फार तर कुबडी लागली असती.

घरात पेटवलेला दिवा कुठे सापडला नाही. मेणबत्त्यांचं पुडकं न फोडलेलं होतं. बॅटरी कपाटाखाली चेपली होती.

थांबा. तुम्ही लगेच म्हणणार, म्हाताऱ्याच्या बायकोचं भूत. तुमची उडी तेवढीच. पुढचं ऐका.

चौथ्या दिवशी मुलगी साडूच्या ऑफिसात आली. तो टेबलामागे, पांढऱ्या शर्टात. ड्रायव्हर दारात उभा होता. तिने पिशवीतून एक उशी काढली आणि टेबलावर ठेवली. ती रडली नाही, आवाज चढवला नाही.

"घरातली एकूण एक वस्तू भिजलेली होती," ती म्हणाली. "गाद्या, कपडे, शिवायला आलेली कापडं. बाबांच्या डोक्याखाली ही होती. कोरडी. आमच्या घरातली प्रत्येक उशी बाबांनी शिवलेली आहे, ही शिवण त्यांची नाही. ही आमची नाही."

साडूने खुर्ची मागे सरकवली.

"म्हणजे तुम्ही आत गेलात. कपाटाखाली अडकलेला माणूस बघितलात. डोक्याखाली उशी सारलीत, आणि मला फोन करून सांगितलंत की झोपले."

आता बघा त्याची पंचाईत. हो म्हणावं तर मरता माणूस टाकून आलेला. नाही म्हणावं तर दारातून आत न गेलेला, वर खोटं बोललेला. सगळ्या गावाच्या नकला करणारी ती जीभ, टाळूला चिकटून बसली. कपाळावरचा घाम कॉलरवर उतरला. मी जन्मात त्याचा एवढा तिरस्कार केला नव्हता, जेवढा नुसतं हे ऐकून केला.

शेवटी ड्रायव्हरच बोलला. "ताई, साहेब आत गेलेच नाहीत. मीसुद्धा नाही गेलो. आम्ही दोघं बाहेरच होतो."

तिने ड्रायव्हरकडे बघितलं. मग साडूकडे. बराच वेळ. बुटाला काय लागलंय ते बघावं, तसं.

"मग ही कुणी दिली?"

...

ती उठली आणि निघून गेली. उशी तिथेच राहिली.

साडूने काम सोडलं. उशी टाकून द्यायला दोनदा गेला, दोन्ही वेळा तशीच घेऊन परत आला. का, ते सांगत नाही. मेहुणीने ती माळ्यावर ठेवलीय, त्या माळ्याखालच्या खोलीत आता कुणी झोपत नाही. मला असल्या गोष्टींवर विश्वास नाही, म्हणून गेल्या महिन्यात मी स्टूल घेऊन वर चढलो. वादळाला तेव्हा सात महिने झाले होते.

साधी उशी आहे. पांढरी. मधोमध खळगा पडलेला, कुणी आत्ताच डोकं उचलल्यासारखा. मी त्या खळग्यात हात ठेवला.

कोमट होती.