मिटल्या डोळ्यांचा अहवाल

सुनावणी संपली रे संपली की न्यायाधीशबाई अहवाल सांगायला बसायच्या, तेही डोळे मिटून. टिपणं काढायची त्यांना सवयच नव्हती. डोळे मिटले की अख्खी खोली पुन्हा समोर उभी राहायची: कोण कुठे बसलं, कोण कशावर अडखळलं, सगळं. समोर टायपिस्टकाका टकटक टाइप करत राहायचे. मॅडम डुलकी काढतात आणि बोटं माझी झिजतात, असं ते चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवायचे.

त्या दुपारी प्रकरण एका आईचं होतं. तिची मुलगी शाळेतून निघाली ती घरी पोचलीच नाही. वर्ष उलटलं होतं आणि पोलीस खात्याला आता शोध गुंडाळायचा होता. अहवाल आजच्या आज गेला नाही, तर शोध आपोआपच थांबणार होता. आई बाहेर बाकावर जीव मुठीत धरून बसली होती.

बाईंनी डोळे मिटले. अर्जदार हजर, खात्याचे वकील हजर, असं सांगता सांगता पुढे म्हणाल्या, "आईच्या खुर्चीमागे एक मुलगी उभी. गणवेशात. एक वेणी सुटलेली."

टकटक थांबली. "मॅडम, मुलगी कुठली?"

बाईंनी डोळे उघडले. लोखंडी खुर्च्या, झाकलेला पाण्याचा पेला, पोपडे आलेली भिंत. खरंच, मुलगी कुठे होती? दमलेय मी, म्हणाल्या आणि ते वाक्य खोडायला लावलं.

पुन्हा डोळे मिटले. मुलगी आता खुर्चीमागे नव्हती. टेबलाशी होती.

उघड्या डोळ्यांनी सांगून पाहिलं, तर एक साक्ष धड आठवेना. कचेरी बंद व्हायची वेळ होत आली. बाहेर ती माउली. शेवटी मनाचा हिय्या करून बाईंनी डोळे घट्ट मिटले आणि सांगतच सुटल्या: आईचं म्हणणं, वकिलांचं म्हणणं, खात्याने न केलेल्या चौकश्या.

मुलगी टेबलाला वळसा घालून आली.

खडूचा वास आला.

"शोध चालू ठेवावा," बाई कशाबशा म्हणाल्या.

गालाला गार श्वास लागला.

सही होताच काकांनी आईला आत बोलावलं आणि स्वतःच बातमी सांगितली. ती हसली नाही. तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"मॅडम, वर्षभर डोळे मिटले की दिसायची हो ती मला," ती म्हणाली. "तेवढ्यावरच जगत होते. आत्ता बाकावर बसल्या बसल्या दिसेनाशी झाली."

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांना भरून आलंय असं वाटून काकांनी रुमाल पुढे केला.

बाई पापणी लवू देत नव्हत्या.