बिनशेऱ्याच्या कविता

लेकीच्या त्या पत्राला त्याने कधी उत्तरच दिले नव्हते... आणि आज धाकट्या बहिणीने चहाचा कप खाली आदळत नेमके तेच काढले!

“दादा, पोरीनं स्वतःच्या कविता पाठवल्या, ‘बाबा, कशा वाटल्या?’ म्हणून विचारलं, आणि तू कागद जसेच्या तसे परत धाडलेस? सोबत एक ओळही नाही?”

“अगं, पण मी... मी पास केल्या होत्या!”

“पास? ते काय पुलाचे नकाशे होते?”

इंजिनियर म्हणून वर्षानुवर्षे त्याने पुलांचे नकाशेच तपासले होते. चूक दिसली की लाल पेन्सिल फिरायची. एकही लाल खूण नसलेला कागद म्हणजे निर्दोष, त्यावरून बिनघोर काम सुरू करावे... लेकीच्या कवितांवर त्याने पेन्सिल टेकवलीसुद्धा नव्हती. याहून मोठी शाबासकी त्याला ठाऊकच नव्हती!

“तिला वाटलं, तू वाचल्याच नाहीस. लिहिणंच सोडलंय तिनं. माझ्याशी हसून बोलते, पण तुझं नाव निघालं की लगेच तिचं दूध उतू जातं आणि फोन बंद!”

बायको गेल्यावर या पोरीच्या वेण्या घालता याव्यात म्हणून त्याने पूल बांधणे सोडून नकाशे तपासण्याचे खुर्चीतले काम पत्करले होते. मनातले सारे कवितांत लिहून कपाटात कोंडले होते... आणि त्याच पोरीला त्याने मुके केले!

“खरं सांग, नुसती सवयच होती ती?” बहिणीचा आवाज मऊ झाला.

“नाही गं... तिच्या आईवरची ती कविता! ती मी आयुष्यभर लिहायला बघत होतो. मला नाही जमली, तिला जमली. हेवा वाटला मला... पोटच्या पोरीचा! मग कोणत्या तोंडानं लिहू?”

“हेच लिही ना, दादा!”

त्याने लिहिले, फाडले, पुन्हा लिहिले. “बाळा, आईवरची कविता वाचून मी ढसाढसा रडलो. तू माझ्याहून चांगलं लिहितेस, हे कबूल करायचं धाडस झालं नाही. माझ्या कविता सोबत पाठवतोय. आजवर कुणालाच दाखवल्या नाहीत. लिहीत राहा गं...”

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी तो बराच वेळ घुटमळला. ती पाकीट उघडेल? की न फोडताच परत पाठवील?... त्याने डोळे मिटले आणि बोटे सैल सोडली.