ओजसच्या पेशींमधले पहारेकरी

शरयूला फ्लू झाला तेव्हा ती दोन दिवस शिंकली आणि तिसऱ्या दिवशी बॅडमिंटन खेळायला पळाली. तोच फ्लू तिच्यापासून तिच्या धाकट्या भावाला, ओजसला, लागला आणि आज तो नागपूरच्या रुग्णालयात ऑक्सिजनची नळी लावून पडला होता. साल होतं २०६१. तरी फ्लू काही हटला नव्हता.

“विषाणू एकच, घर एकच, जेवणही एकच,” शरयू विभाआत्याला म्हणाली. “मग हे असं कसं? माझ्या अंगात तो जास्त बळकट झाला का? म्हणजे मीच त्याला आजारी पाडलं?”

विभाआत्या त्याच रुग्णालयात संशोधक होती. ती शरयूला प्रयोगशाळेत घेऊन गेली. दोघा भावंडांच्या नाकातून घेतलेल्या पेशी तिथे दोन बंद काचपात्रांत जिवंत ठेवल्या होत्या आणि त्यांत तोच विषाणू सोडला होता. वर दीप्तिदर्शक (पेशीतले रेणू उजळून दाखवणारं यंत्र) लावलेला होता.

“दोघांचा विषाणू मी तपासलाय. तंतोतंत सारखा आहे. तू त्याला बळकट केलेलं नाहीस,” आत्या म्हणाली. “आता तुझी पेशी बघ.”

पडद्यावर विषाणू पेशीला चिकटला. पेशीने त्याला एका इवल्याशा पिशवीत घेऊन चक्क गिळलं.

“अगं, शत्रूला आत काय घेतेय ती!”

“फसते बिचारी. विषाणूला या पिशवीच्या भिंतीत मिसळून बाहेर निसटायचं असतं. निसटला, की तो पेशीकडून स्वतःच्या हजारो नकला करून घेतो. पण भिंतीतले पिवळे ठिपके दिसतात? ती पहारेकरी प्रथिनं. ती भिंत इतकी ताठ करतात, की विषाणूला तिच्यात मिसळताच येत नाही. तो पिशवीतच विरघळून जातो.”

मग आत्याने दुसरं काचपात्र दाखवलं. ओजसच्या पेशीत पिवळे ठिपके अगदी तुरळक होते आणि विषाणू सहज निसटत होता.

“ही प्रथिनं किती बनवायची, ते जनुकं (आईबाबांकडून आलेल्या सूचना) ठरवतात. भावंडं असलात तरी तुमच्या सगळ्या सूचना सारख्या नाहीत.”

एवढ्यात ओजसच्या एका आजारी पेशीतून निळसर काहीतरी बाहेर पसरलं. शेजारच्या पेशींमध्ये हळूहळू पिवळे ठिपके वाढू लागले.

“इंटरफेरॉन (शेजाऱ्यांना सावध करणारं प्रथिन). ताप, अंगदुखी हे बरंचसं या धावपळीमुळेच.”

“थांब! म्हणजे ताप आपणच आणतो?” शरयूचा पुरता गोंधळ उडाला. “मग ओजस हरतोय की लढतोय?”

“लढतोय. त्याचे पहारेकरी उशिरा जमले, एवढंच. तोवर विषाणूच्या नकला रोखायला आपण औषध दिलंय.”

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ओजसची नळी निघाली. शरयूने त्याला सगळं हातवारे करून सांगितलं. पेजेचा घोट घेत तो विचारात पडला.

“पण ताई, तुझ्याकडे एवढे पहारेकरी होते, तर तू दोन दिवस तरी का शिंकलीस?”

शरयूने आत्याकडे पाहिलं.

“काही विषाणू पहाऱ्यातूनही निसटतात,” आत्या म्हणाली. “नेमके कसे, ते अजून मलाही नीट कळलेलं नाही.”

शरयूने आत्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. “ओजस, तुझा प्रश्न परत सांग. सावकाश.”