मेत्स्नर मास्तरांची पोचपावती

हे ऐकीव नाही. फाल्कने मला स्वतः सांगितलं, आणि तो थापा मारणारा माणूस नव्हता.

फाल्क आमच्या वाइडेनग्रुंडच्या नगरपालिकेत कारकून होता. शुक्रवारी सभा होती, गाव शेजारच्या शहरात विलीन करायचं की नाही यावर. प्रत्येक नगरसेवकाला सात दिवस आधी नोटीस मिळायलाच हवी. एकालाही चुकली तर सभा रद्द. त्याआधीच्या बुधवारी, वीस नोव्हेंबरला, प्रायश्चित्ताच्या सणाची सुट्टी. फाल्क संध्याकाळी कागद लावायला कचेरीत गेला आणि त्याच्या लक्षात आलं. नगरसेवक मेत्स्नर मास्तरांची नोटीस छापायचीच राहिली होती. दोन ताकिदी आधीच मिळालेल्या. तिसरी चूक म्हणजे कायमचं घरी बसणं.

त्याने नोटीस छापली आणि टेकडीवरची वाट धरली. मास्तरांनी त्याला चौथीत शिकवलं होतं. हातापाया पडून पोचपावतीवर मागची तारीख घालून घ्यायची, एवढाच बेत.

पावणेआठला त्याने घंटी दाबली. आत दिवा नव्हता. दार मात्र लगेच उघडलं. मास्तर उंबऱ्याच्या आतच उभे होते. फाल्कने नोटिशीचं पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"अजून धांदरटच राहिलास," मास्तर म्हणाले.

"मागच्या शुक्रवारची तारीख टाका ना, मास्तर. माझी नोकरी जाईल."

मास्तरांनी पावती हातात घेतली.

"शुक्रवारची नाही टाकता येणार. गुरुवारची टाकतो."

"का बरं?"

"शुक्रवारी मी..."

पुढे बोलले नाहीत. सही केली. थंडी कडाक्याची होती. फाल्कच्या तोंडून वाफ निघत होती. मास्तरांच्या... नाही. बोलतानाही नाही.

फाल्कने पावती घेतली. मागे वळला. पळाला.

सकाळी शेजारणीने पालिकेत फोन केला, मास्तरांच्या खिडक्या आठवडाभर उघडल्या नाहीत म्हणून. अग्निशमनवाल्यांनी दार फोडलं. आतून साखळी होती. मास्तर बिछान्यात. डॉक्टर म्हणाले, मागच्या गुरुवारी रात्रीच गेले.

फाल्कही तिथे पोचला होता. नगराध्यक्ष बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मेलेल्या माणसाला नोटीस लागत नाही, त्यांची राहिली असली तरी सभा होईल, म्हणाल्या. फाल्कची नोकरी वाचली होती. तो पाणी प्यायला मास्तरांच्या स्वयंपाकघरात गेला.

टेबलावर नोटीस होती. काल संध्याकाळी त्यानेच छापलेली. पाकीट नीट कापलेलं, बाजूला चष्मा. आणि समासात लाल शाईने, मास्तरांच्या अक्षरात शेरा:

'उशिरा मिळाली. बुधवार, २० नोव्हेंबर.'