चार शनिवारांची ओळख

छत्तीस तासांची ड्युटी संपवून डॉक्टर अक्षता रिकामी खोली शोधत होती. दवाखान्याच्या सभागृहाचं दार ढकललं, तर आत तिच्याबरोबरचे निवासी डॉक्टर गोल करून उभे, आणि मधोमध एक तरुण डोक्यावर नसलेली घागर घेऊन डुलत चाललेला.

"या, तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला.

"मी... झोपायला आल्ते."

"मंग झोपा. ही एसटी समजा. डोकं माझ्या खांद्यावर पडलं तरी मी बिलकुल बोलणार न्हाई."

सगळे हसले. तीही हसली, किती दिवसांनी!

तो मिथुन, तीर्थपुरीचा. थकलेल्या डॉक्टरांसाठी नाटकाचे खेळ घ्यायला दवाखान्यानं त्याला चार शनिवार बोलावलं होतं. त्याच्या नाटकात पाठांतर नव्हतं. समोरचा म्हणेल ते खरं मानायचं आणि पुढं न्यायचं.

दुसऱ्या शनिवारी तो डॉक्टर झाला, अक्षता पेशंट.

"कुठं दुखतंय?"

ती हळूच म्हणाली, "सोळा नंबरच्या खाटेवरची बाई गेली... तिच्या पोरीला मीच सांगितलं. तेव्हापासून रडूच येईना."

मिथुन उठला. हवेतल्या माठातून पाणी घेतलं, रिकामी ओंजळ तिच्यापुढं धरली. ती प्यायला वाकली... आणि रडू फुटलं.

तिसऱ्या शनिवारी ती पोचली तेव्हा खेळ संपला होता. दोघांनी मिळून खुर्च्या लावल्या. बोटाला बोट लागलं. दोघंही उगाच खुर्च्याच मोजत राहिले. पुढचा आठवडाभर वॉर्डातून फिरताना तिला त्याचाच आवाज ऐकू येत होता.

चौथ्या शनिवारी खेळ होता निरोपाचा.

"गाडी लागली," मिथुन म्हणाला. "नागपूरला दोन वर्षं नाटक शिकायचंय. निघू?"

नियमानं तिनं 'निघा' म्हणायला हवं होतं. पण तिनं नकारार्थी मान हलवली.

"नियम मोडून राह्यल्या, डॉक्टर."

"माहितीये. जा म्हणवत न्हाई मला."

"हे... खेळातलं का?"

"न्हाई."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. तेवढ्यात तिला वॉर्डातून फोन आला आणि ती पळाली.

संध्याकाळी तो वॉर्डाच्या पायरीशी उभा होता, पाठीला बॅग.

"सगळ्यांसमोर बोलायचं नव्हतं," तो म्हणाला. "जीव इथंच राह्यलाय माझा. वाट पाहाल?"

"पाहीन. पण मधे मधे येत जा... दोन वर्षं लई होतात."

तो फाटकाबाहेर दिसेनासा झाला तरी ती पायरीवरच होती. आतून सिस्टरनं दोनदा हाक मारली, तेव्हा कुठं वळली.