इंजिन गर्जलं, चाकं रुसली

इंजिन गर्जत होतं, धूर ओकत होतं, पण गाडी तसूभरही हलेना. पिंपळखिंड स्टेशनात प्रवासी खिडक्यांतून डोकावू लागले.

"इंजिन निर्दोष. चाकंही निर्दोष," चालकाशेजारी बसलेला खटपट्या नावाचा यंत्रमानव पुन्हा पुन्हा सांगत होता. मागे उभ्या मुक्ताने नजर खाली वळवली. कारण हा उद्योग तिचाच होता.

चालक म्हणजे तिचे आजोबा. वादळात विजेच्या तारा तुटल्या की ते हे डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन काढत आणि प्रवासी डबे, मालडबे घाटापलीकडे नेत. उतरताना चालकाने रिव्हर्सर (गाडी पुढे न्यायची की मागे, हे ठरवणारा दांडा) काढून सोबत न्यायचा, ही रीत. आजोबा तो दांडा नेहमी मुक्ताला सांभाळायला देत. आज चहाला उतरताना त्यांनी तो खटपट्याला दिला! हा खटपट्या त्यांना 'आजोबा'च म्हणायचा. कालचा आला आणि माझ्या डोक्यावर मिरे वाटतोय! मुक्ताच्या अंगाचा तिळपापड झाला.

खटपट्याने दांडा बसवून 'पुढे' लावला आणि तो डबे नीट जोडलेत का ते बघायला उतरला. तेवढ्यात मुक्ताने दांडा हळूच मधोमध सरकवला. इंजिन बंद पडेल, खटपट्याची फजिती होईल, असं तिला वाटलं होतं. पण आजोबांनी परत येऊन वेग वाढवला, तर इंजिन जोरात चालू! हे कसं?

आजोबांची नजर दांड्यावर गेली, मग नातीच्या चेहऱ्यावर.

"मुक्ते, लग्नात मांडवामागे जनरेटर धडधडतो आणि मांडवात पंखे फिरतात. दोघांमध्ये पट्टा असतो का गं?"

"नाही. वायर असते."

"इथेही तसंच. हे इंजिन चाकं फिरवत नाही. ते अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र) फिरवतं. ती वीज चाकांच्या आसांवरच्या मोटारींना मिळते आणि मोटारी चाकं फिरवतात."

"इंजिनच चाकांना का जोडत नाहीत?" खटपट्याने विचारलं.

"उभी गाडी हलवायला फार जोर लागतो. डिझेल इंजिन थेट जोडलं, तर त्या ओझ्याने ते बंदच पडेल. मोटारीचा जोर मात्र सुरुवातीलाच सगळ्यात जास्त."

"म्हणजे दांडा मध्ये असला की वीज मोटारींपर्यंत जातच नाही," मुक्ता पुटपुटली. "मीच सरकवला, आजोबा. तुम्ही तो मला दिला नाहीत ना!"

आजोबा हसले नाहीत. "गाडीत माणसं बसलीत, मुक्ता. आज दांड्याला हात लावायचा नाही."

मुक्ताचे डोळे भरून आले.

"हिला काय झालंय?" खटपट्याने विचारलं.

"हेवा वाटतोय तिला."

"तो कुठे बसवलेला असतो?"

आजोबांनी दांडा पुढे केला आणि गाडी निघाली. घाटमाथा ओलांडून उतार लागला, तसा त्यांनी वेग आवरला. "आता चाकंच मोटारींना फिरवताहेत. मोटारी वीज बनवतात आणि त्यामुळे गाडी मंदावते. ती वीज छताजवळच्या धातूच्या जाळ्यांत उष्णता होऊन उडून जाते."

"उडू का द्यायची?" मुक्ता रुसवा विसरली. "बॅटरीत साठवली तर पुढच्या चढाला कामी येईल!"

आजोबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "तशी इंजिनं बनवायची खटपट चालू आहे. तुझ्यासारखी माणसं लागतील तिथे."

गाडी थांबली. आजोबांनी दांडा काढला. खटपट्याने हात पुढे केला आणि मुक्ताने तो पाहिला. आजोबांनी दांडा सरळ स्वतःच्या खिशात घातला.

खटपट्याने पुढे केलेला हात मागे घेतला.

"बॅटरीचं मला का नाही सुचलं?" तो म्हणाला. "आजोबा, तो हेवा आता मलाही बसवलाय वाटतं."